पंचांसाठी व्हिडिओ सराव: सोलापूर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदी

शालेय आणि क्लब फुटबॉल सामन्यांत शिटी वाजवणारे अकरा पंच, दोन फोन, एक जुना लॅपटॉप आणि रविवारी सकाळी मोकळी मिळणारी शाळेची खोली, एवढ्यावर हे काम चाललं आहे. सराव तीनच गोष्टींचा: फाऊल, कार्ड, ऑफसाइड (पास मारला त्या क्षणी आक्रमक बचावाच्या रेषेच्या पुढे, गोलच्या बाजूला असणं). नियम २०२४-२५ च्या पुस्तकाप्रमाणे. दुसऱ्या गावात कोणी हेच करायला घेणार असेल तर त्याने आमच्या चुका परत करू नयेत, नव्या कराव्यात.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीतले दोन सराव सामने नेहरूनगरच्या मैदानावर शूट केले. पहिला फोन मध्यरेषेपाशी, तीन मीटर उंच लाइट-स्टँडवर. दुसरा पलीकडच्या टचलाइनवर (बाजूच्या रेषेवर) डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून एक मीटर साठ-पासष्ट सेंटिमीटर. १०८० पी, सेकंदाला ६० फ्रेम. मिनिटाला साधारण १५० एमबी जातात, तासाभराच्या सामन्याला ९ जीबी. वरच्या फोनमध्ये मोकळी जागा १४ जीबी होती, ती आधी कोणी बघितली नाही. दुसऱ्या सामन्याचा उत्तरार्ध त्यामुळे गेला.

खालचा फोन साडेअकराला तापून बंद पडला. नोव्हेंबरचं ऊन म्हणून सोडून दिलं होतं, पण काळं कव्हर, चार्जर लावलेला आणि स्क्रीनचा उजेड पूर्ण, अशा तिन्ही चुका एकदम झाल्या. आता कव्हर काढायचं, फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा (मध्येच कॉल आला तर रेकॉर्डिंग तुटतं, तेही टळतं), चार्जिंग फक्त मध्यंतरात आणि वर छत्री. छत्री स्टँडलाच बांधली तर वाऱ्याने सगळंच डोलतं. ती वेगळ्या काठीला बांधायची. स्टँडच्या पायावर पाच किलो वाळूची पिशवी.

दोन उंचींचं दोन प्रकारे काम पडतं. वरून चेंडूला आधी कोण पोचलं ते स्वच्छ कळतं, पण टॅकलचा जोर अजिबात कळत नाही, सगळं मऊ दिसतं. खालून जोर कळतो, पण मध्ये एक पाठ आली की संपर्कच झाकला जातो. पंच सामन्यात खालूनच बघतो, म्हणून सरावाला खालची क्लिप आणि उत्तर ठरवायला दोन्ही.

१३ नोव्हेंबर

क्लिप कापल्या. दीड तासाच्या रेकॉर्डिंगमधून ५२. वेळ लागला साडेसहा तास, त्यातले दोन फुकट गेले.

फुकट असे गेले: प्रत्येक क्लिप संपर्कानंतर तीन सेकंदांनी थांबवली होती. त्या तीन सेकंदांत शिटी ऐकू येते, पंचाचा हात दिसतो, पडलेला खेळाडू दोन कोलांट्या मारून घेतो. म्हणजे प्रश्नपत्रिकेवरच उत्तर छापलेलं. सगळ्या परत कापल्या. आता संपर्काच्या सात सेकंद आधीपासून सुरू, संपर्कानंतर अर्ध्या सेकंदात काळा पडदा. आधीचे सात सेकंद लागतातच; खेळाडू कुठून आला, त्याचा डोळा चेंडूवर होता का, हे बघितल्याशिवाय टॅकलचा अंदाज बांधता येत नाही.

दुसरी चूक मोठी होती आणि ती क्लिप मोजल्यावरच लक्षात आली. ५२ पैकी ४४ फाऊल. कारण साधं: क्लिप कापणारा शिटीचा आवाज शोधत पुढे जातो. जिथे शिटी वाजली नाही तिथे तो थांबतच नाही. अशा संचावर सराव केला तर 'धक्का लागला की फाऊल' हेच हाताला लागतं, आणि प्रत्येक वेळी फाऊल म्हणणाराही ८५ टक्के बरोबर ठरतो. सगळं रेकॉर्डिंग परत लावलं. शिटी असो-नसो, अंगाला अंग लागलेला प्रत्येक प्रसंग वेळेसकट वहीत लिहिला. शिटी न वाजलेले ३१ प्रसंग निघाले: खांद्याला खांदा, चेंडू स्वच्छ काढल्यावर झालेली टक्कर, स्वतःच्याच पायात अडकून पडणं, दोन ठिकाणी चक्क नाटक. फाऊल आणि फाऊल नसलेलं निम्मं-निम्मं राहील असाच संच करायचा.

तांत्रिक बाब: फोनचं रेकॉर्डिंग नावाला ६० फ्रेमचं असतं. फोन गरम झाला की तो फ्रेम गाळतो आणि वेग कमी-जास्त होतो. शॉटकटमध्ये (क्लिप कापायचं सॉफ्टवेअर) कापण्याआधी हँडब्रेकमधून (फाईल बदलायचं सॉफ्टवेअर) फाईल काढून फ्रेमचा वेग 'कॉन्स्टंट' करून घ्यायचा. फाऊलसाठी हे केलं नाही तरी चालतं, ऑफसाइडसाठी नाही.

१७ नोव्हेंबर

२० तारखेला विधानसभेचं मतदान, त्यामुळे शाळेची खोली नाही. आजचा रविवार उत्तरसूचीला दिला.

अनुभवी तिघांनी ८३ क्लिप वेगवेगळ्या बसून पाहिल्या. नेहमीच्या वेगाने, जास्तीत जास्त दोनदा, आणि एकमेकांशी बोलायचं नाही. कागदावर चार रकाने: फाऊल आहे की नाही, खेळ कशाने सुरू होणार, दर्जा, कार्ड. दर्जा म्हणजे निष्काळजी (कार्ड नाही), बेदरकार (पिवळं), जादा बळ (लाल). तिघांची चारही रकान्यांतली उत्तरं जुळली ती ४९. बारांमध्ये संपर्कच दिसत नव्हता, त्या काढून टाकल्या. उरलेल्या २२ वादाच्या.

वादाच्या क्लिपवर पहिला विचार असा होता की बहुमताने दोन विरुद्ध एक ठरवावं. तसं केलं नाही. जिथे तीन अनुभवी पंच पुन्हा बघूनही एकमत होत नाहीत, तिथे शिकणाऱ्याला 'चूक' म्हणायचा हक्क कोणाला? त्या २२ वेगळ्या फोल्डरमध्ये, चर्चेपुरत्या.

वाद जवळजवळ सगळा निष्काळजी आणि बेदरकार यांच्या सीमेवर होता. तो कमी व्हावा म्हणून बघायच्या खुणा लिहून काढल्या: किती अंतरावरून आणि किती वेगाने आला, चेंडू खेळायची खरी शक्यता होती का, तळवा वर होता का, पाय जमिनीवर होता की दोन्ही हवेत, लागलं बुटाला की घोट्याच्या वर, समोरून की मागून. शब्दांऐवजी या खुणा बघितल्यावर मतं जवळ आली.

इंटरनेटवरून उतरवलेल्या क्लिपही आज चाळल्या. हँडबॉलच्या (चेंडू हाताला लागण्याच्या) चौदा थेट कचऱ्यात. त्या २०१९-२० आणि २०२०-२१ च्या हंगामातल्या. तेव्हा आक्रमकाच्या हाताला चेंडू चुकून लागून लगेच साथीदाराने गोल केला तरी गुन्हा धरत. २०२१ पासून तो नाही. ज्याच्या हाताला लागला त्यानेच लगेच गोल केला तरच. क्लिपखाली लिहिलेलं उत्तर तेव्हा बरोबर होतं, आज चूक. तेव्हापासून प्रत्येक क्लिपच्या नावात हंगाम लिहितो.

२४ नोव्हेंबर

पहिलं सत्र. यात बरोबर झालेली गोष्ट म्हणजे सगळे वेळेवर आले.

प्रोजेक्टर ५०० रुपये दिवसाच्या भाड्याने. पडद्याला चाटी गल्लीतून आणलेलं पांढरं कापड, खिडक्यांवर सोलापुरी चादरी. चादर जाड असल्याने उजेड चांगला अडतो, पण वजनाने भिंतीतले खिळे बाहेर आले आणि अकरा वाजता पूर्वेचं ऊन पडद्यावर. त्यातून दिसलं ते एवढंच की काहीतरी गडद माणूस दुसऱ्या गडद माणसाला लागला. बूट आणि घोटा यांतला फरक दिसत नसेल तर कार्डाचा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

उत्तरं हात वर करून घेतली. हात वर जाताना सगळ्यांची नजर पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांकडे. एका क्लिपला ज्येष्ठांचा हात खाली राहिला तर अर्धवट वर गेलेले चार हात डोकं खाजवून खाली आले.

क्लिप चाळीस ठेवल्या होत्या. प्रत्येकीनंतर चर्चा. पन्नास मिनिटांत सहा क्लिप झाल्या. चर्चा क्लिपवरून परवाच्या सामन्यावर, तिथून निवडीवर, तिथून मानधनावर. बारा वाजता खोली सोडावी लागली.

१ डिसेंबर

तीन बदल.

प्रोजेक्टर रद्द. शाळेचा ४३ इंची टीव्ही आणि दहा मीटरची एचडीएमआय केबल, ६५० रुपये. सगळे तीन मीटरच्या आत, दोन रांगांत.

हात रद्द. प्रत्येकाला छापील चिठ्ठी, पेन. पडदा काळा झाला की फाऊल आहे-नाही यासाठी पाच सेकंद, कार्डासाठी आणखी पाच. त्यानंतर पेन खाली. गूगल फॉर्म करून बघितला होता, पण खोलीत नेटवर्क एकाला येतं, दुसऱ्याला नाही, आणि फोन हातात असला की माणूस फोनमध्येच जातो. कागद बरा.

चर्चा शेवटाला. पाच सेकंद संपले की लगेच स्क्रीनवर उत्तर: 'फाऊल, पिवळं' किंवा 'खेळ चालू'. कारण नाही, स्पष्टीकरण नाही. तीन सेकंदांनी पुढची क्लिप. पहिल्यांदा फार कोरडं वाटलं, दोघं चिडलेही. पण मैदानावर निर्णय विचार करून घेतला जात नाही, तो ओळखून घेतला जातो, आणि ओळख पटायला भरपूर प्रसंग आणि त्यावर ताबडतोब बरोबर-चूक एवढंच लागतं. २०११ मध्ये जर्मन संशोधकांनी पंचांसाठी बनवलेला व्हिडिओ सराव याच तत्त्वावर होता. चर्चेला सगळ्यात जास्त चुकलेल्या चारच क्लिप निवडायच्या, वीस मिनिटं, बस्स.

क्लिप वीस. विसाव्यानंतर चुका वाढतात हे आज उत्साहात पाच जास्त दाखवल्या त्यावरून कळलं. शेवटच्या पाचांत दोघांनी रकाना चुकवून उत्तरं लिहिली.

८ डिसेंबर

आज स्लो मोशनने घोळ घातला.

चर्चेच्या चार क्लिप पाव वेगाने दाखवल्या. त्यातल्या एका टॅकलला तिघा उत्तर ठरवणाऱ्यांनी पिवळं दिलं होतं. सत्रात नेहमीच्या वेगाला लाल म्हणणारा एक होता. पाव वेगाने दाखवल्यावर सहा. तोच पाय, तोच घोटा. हळू दाखवलं की खेळाडूला विचार करायला वेळ होता असं वाटायला लागतं. घोट्यावर बूट येताना इतका वेळ दिसतो की मुद्दाम मारल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो अर्ध्या सेकंदाचा मामला होता.

व्हीएआरच्या (सामन्यात व्हिडिओ बघून मदत करणाऱ्या पंचाच्या) नियमावलीत हे आधीपासून लिहिलेलं आहे: संपर्क कुठे झाला, हाताला लागलं का, रेषेच्या आत की बाहेर, अशा वस्तुस्थितीसाठी स्लो मोशन, जोर किती होता यासाठी नेहमीचा वेग. आम्ही वाचलं होतं. टीव्हीचा रिमोट हातात आला की विसरलो.

त्या दिवशीचे कागद बाद. पुढच्या वेळी तीच क्लिप नेहमीच्या वेगाने तीनदा दाखवली आणि शेवटी एकच स्थिर फ्रेम, संपर्काची.

१५ डिसेंबर

ऑफसाइडच्या क्लिप सामन्यातून मिळत नाहीत, कारण कॅमेरा कधीच रेषेत नसतो. म्हणून प्रसंग घडवून शूट केले. सहा खेळाडू, सकाळी सात ते नऊ. नंतर सावल्या आखूड होतात आणि रेषाच दिसेनाशी होते.

मांडणी: फक्कीने एक जाड आडवी रेषा, तिच्या दोन्ही बाजूंना दर ५० सेंटिमीटरला बारीक रेषा, चार-चार. फक्की अर्धी गोणी लागली. बचावपटू फोनपासून १५ मीटरवर, एक आक्रमक जवळ ८ मीटरवर, एक पलीकडे २५ मीटरवर. पास देणारा फोनपासून ३० मीटर लांब. फोन जाड रेषेच्या बरोबर टोकाला, डोळ्यांच्या उंचीवर. 'बरोबर' या शब्दाला इथे किंमत आहे. फोन रेषेच्या एक मीटर पुढे, गोलकडे सरकला असता तर पलीकडचा आक्रमक बरोबरीत असूनही सुमारे ६५ सेंटिमीटर पुढे दिसला असता आणि जवळचा तितकाच बरोबरीत असून जवळपास अर्धा मीटर मागे. सहायक पंच (झेंडा घेऊन ऑफसाइड बघणारा) रेषेतून सरकला की बऱ्याच चुका डोळ्यांच्या नसून पायांच्या असतात, हे २००० साली डच संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात दाखवलं होतं. सरावाच्या क्लिपमध्येच ती चूक भरली तर काय शिकवणार? फोनच्या स्टँडच्या तीन पायांभोवती फक्कीची वर्तुळं काढून ठेवली. कोणाचा धक्का लागला तर कळतं.

अडतीस पास शूट झाले. एक आक्रमक रेषेपासून नेहमी अर्धा मीटर पुढेच असायचा. त्याला 'या वेळी मागे राहा' सांगितलं की तो इतका मागे राहायचा की क्लिप निरुपयोगी. सूचना बदलली: पास देणाऱ्याला दोन वेगवेगळ्या क्षणी मारायला सांगितलं, आक्रमकाला काहीच सांगितलं नाही. मग खरे, अवघड प्रसंग आले.

१८ डिसेंबर

उत्तरसूची करायला बसलो आणि अडतीसच्या अडतीस पास बाद होतील की काय अशी वेळ आली.

चेंडूला पाय लागला तो क्षण आवाजाच्या पट्टीवर शोधला होता. पट्टीवर टोक दिसतं, तीच फ्रेम धरली. सोपं वाटलं. पण फोन पास देणाऱ्यापासून ३० मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर चालतो, म्हणजे तो फोनपाशी ०.०८६ सेकंद उशिरा पोचतो. सेकंदाला ६० फ्रेमच्या क्लिपमध्ये हे झाले पाच फ्रेम. आक्रमक सेकंदाला ७ मीटर धावत असेल तर तेवढ्यात ६० सेंटिमीटर पुढे. आमच्या उत्तरसूचीत ऑफसाइडचे निम्मे प्रसंग प्रत्यक्षात बरोबरीत होते.

मैदानावरही हेच लागू: सहायक पंच किकच्या आवाजावर अवलंबून असेल तर त्याचा झेंडा अकारण वर जाण्याकडे कल राहणार. लांब पासला तर ४० मीटरवरून आवाज येतो.

सुदैवाने दुसरा फोन पास देणाऱ्याच्या मागे गुडघ्याच्या उंचीवर चालू होता. दोन्हींची सांगड घालायची म्हणून आधी टाळी वाजवली होती. टाळीही आवाजच! तोच उशीर परत. एका ठिकाणी मात्र दोन्ही फोनमध्ये एकच माणूस दिसत होता आणि त्याने झेंड्यांच्या दोन काठ्या एकमेकींवर आपटल्या होत्या (कंटाळा आला म्हणून). काठ्यांची टोकं भिडली ती फ्रेम दोन्हीकडे डोळ्यांनी शोधली, त्यावरून सांगड घातली. तरी दहा मिनिटांनी दोन फोनमध्ये चार-पाच फ्रेमचा फरक पडतो, त्यामुळे त्या आपटण्याच्या जवळचे नऊ पासच भरवशाचे निघाले. बाकीचे २९ परत शूट करायला लागले, शनिवारी सकाळी, प्रत्येक पासच्या आधी काठ्या आपटून.

साठ फ्रेममध्येही दोन फ्रेमच्या मध्ये १७ मिलिसेकंद असतात. आक्रमक सातने पुढे आणि बचावपटू चारने उलट दिशेला येत असेल तर तेवढ्यात दोघांमधलं अंतर १८ सेंटिमीटरने बदलतं. म्हणून नियम केला: उत्तर २५ सेंटिमीटरच्या आत असेल तर क्लिप सरावात घ्यायची नाही. बारकाव्याचा अभिमान इथे कामाचा नाही, आमचं साधन तेवढं बारीक नाही.

२२ डिसेंबर

ऑफसाइडचं पहिलं सत्र. पाच क्लिपनंतर लक्षात आलं की धावणारा माणूस विचित्र गुळगुळीत दिसतो. टीव्हीचं 'मोशन' नावाचं सेटिंग चालू होतं. तो दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरी घालतो. बंद केलं. लॅपटॉपचं आउटपुट ३० वर होतं, तेही ६० केलं. हे आदल्या दिवशी बघायचं असतं.

चुका एकाच दिशेने पडल्या: बरोबरीतला आक्रमक ऑफसाइड. डोळा पास देणाऱ्याकडून रेषेकडे वळेपर्यंत आक्रमक पुढे गेलेला असतो, आणि शिवाय धावती वस्तू त्या क्षणी होती त्यापेक्षा पुढे दिसते, हे डोळ्यांच्या स्वभावातच आहे. त्यावर उपाय सांगून होत नाही. उत्तर लिहून झालं की लगेच पासच्या क्षणाची स्थिर फ्रेम दाखवायची आणि मनातल्या चित्राशी ताडून बघायला लावायचं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. पासच्या क्षणाची फ्रेम आधीच चित्र म्हणून काढून ठेवली तर सत्रात शोधाशोध होत नाही.

२९ डिसेंबर

सत्र नाही. एका सामन्यातली क्लिप कोणाच्या तरी स्टेटसला गेली, खाली हसण्याच्या खुणा. क्लिपमधली मुलं शाळेची आहेत. यापुढे क्लिप एकाच पेन ड्राइव्हवर, व्हॉट्सॲपवर अजिबात नाहीत (तिथे दर्जाही घसरतो). शूट करण्याआधी शाळेची लेखी परवानगी, हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

५ जानेवारी २०२५

आवाजाचा प्रयोग. एकाच प्रकारच्या वीस क्लिप: दहा आवाजासकट, दहा मुक्या. खालच्या फोनच्या शेजारी एका संघाचा बाक होता, त्यामुळे प्रत्येक धक्क्याला 'रेफ, रेफ!' असा गलका रेकॉर्ड झाला आहे. इंग्लंडमध्ये २००२ च्या एका अभ्यासात ४० पंचांना ४७ प्रसंग दाखवले होते. ज्यांनी प्रेक्षकांच्या आवाजासकट पाहिले त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. आमचा संच तेवढं सांगण्याइतका मोठा नाही. पण बाक ओरडलेल्या क्लिपमध्ये तिघांचे कागद वेगळे दिसले, आणि ते तिघं नवे आहेत.

आवाज पूर्ण काढून टाकावा का? नाही. बुटावर बूट आपटल्याचा आवाजही त्याच पट्टीत आहे आणि तो पंचाला उपयोगी पडतो. निम्म्या मुक्या, निम्म्या आवाजासकट ठेवतो.

१२ जानेवारी

गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) सुरू, शहर होम मैदानाकडे. सत्र नाही. खर्च जुळवला.

लाइट-स्टँड १,१००. फोनचे क्लॅम्प दोन, ३६०. पेन ड्राइव्ह ४५०. केबल ६५०. प्रोजेक्टर भाडं ५०० (पाण्यात). कापड आणि खिळे ३२० (हेही पाण्यात). फक्की दोन वेळची २८०. चिठ्ठ्या छापणे आणि पेन २४०. मुलांना नाश्ता दोन दिवस ९००. एकूण ४,८००. वेळ मात्र पैशाहून जास्त गेला: क्लिप कापणे आणि उत्तरसूची मिळून अंदाजे साठ तास. वीस मिनिटांच्या सरावामागे पाच-सहा तास, हे आधी माहीत असतं तर तिघांऐवजी पाचजण बसवले असते.

१९ जानेवारी

बसून बरोबर येणारं धावून येईल का, हे बघितलं. शाळेच्या पटांगणात चाळीस मीटरच्या सहा फेऱ्या, लगेच लॅपटॉपसमोर उभं राहून दोन क्लिप, पुन्हा फेऱ्या. सकाळी आठच्या उजेडात लॅपटॉपची स्क्रीन आरसा झाली होती. खोक्याच्या पुठ्ठ्याचा बोगदा करून आत बघावं लागलं. एक-एकजण करत दीड तास.

निर्णय बिघडले ते फाऊल आहे-नाही यात फारसे नाहीत, कार्डात बिघडले. दमलेला माणूस मधलं, म्हणजे पिवळं, निवडतो. लाल क्लिपला पिवळं, विनाकार्डालाही पिवळं. हे बसून सरावात कधीच दिसलं नव्हतं.

२ फेब्रुवारी

चाचणी. वीस नव्या क्लिप, आधी कोणी न पाहिलेल्या. नव्या असणं महत्त्वाचं. जुनी क्लिप आडवी उलटवून नवी म्हणून खपवायचा प्रयत्न मध्ये केला होता, पण मागच्या फलकावरची अक्षरं उलटी दिसली आणि खोली हसली. शिवाय माणसं फाऊल लक्षात ठेवत नाहीत, लाल बुटांचा मुलगा लक्षात ठेवतात.

आज नऊजण हजर. त्याच नऊजणांचे १ डिसेंबरचे पहिल्या वीस क्लिपचे कागद काढले. तेव्हा १८० पैकी १०४ निर्णय उत्तरसूचीशी जुळले होते, आज १२६.

यावरून सराव यशस्वी झाला असं लिहिता येत नाही, कारण दोन संच सारखेच अवघड होते हे आम्ही कुठे तपासलं? आजचा सोपा असू शकतो. करायला हवं होतं ते असं: दोन्ही संच आधीच तयार ठेवायचे, निम्म्या पंचांना डिसेंबरमध्ये पहिला आणि फेब्रुवारीत दुसरा, उरलेल्यांना उलटं. फुकटात झालं असतं. डिसेंबरमध्ये सुचलं नाही.

बाविसांच्या वाढीतले सतरा 'फाऊल नाही' या क्लिपमध्ये आहेत, म्हणजे उगाच वाजणारी शिटी कमी झाली. कार्डांमध्ये वाढ नाही म्हटली तरी चालेल.

गोलची उघड संधी हिरावण्याच्या तीन क्लिपमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ. अंतर, खेळाची दिशा, चेंडू ताब्यात येण्याची शक्यता, बचावपटू किती आणि कुठे, हे चारही पाठ सगळ्यांना आहेत. पण क्लिपची चौकट अरुंद असल्याने मागून येणारा दुसरा बचावपटू दिसतच नव्हता. तिथे चूक पंचाची नाही, कॅमेऱ्याची. अशा प्रसंगांना वरचा फोन लागतो. तिन्ही क्लिप गुणांतून वगळल्या तर आकडे बदलतात, ते पुढच्या नोंदीत.

९ फेब्रुवारी

वगळून: नऊजण, सतरा क्लिप, १५३ पैकी ११५. डिसेंबरच्या संचात तशा क्लिप दोन होत्या; त्या काढल्यावर १६२ पैकी ९७.

कार्डांसाठी नवा संच सुरू केला. बहुतेक बेदरकार आणि जादा बळ यांच्या सीमेवरच्या क्लिप, दर आठवड्याला आठ, फेऱ्या मारून झाल्यावर दाखवायच्या. आठांपैकी दोन विनाकार्ड ठेवल्या आहेत, नाहीतर सगळे कार्डाकडेच झुकतील. वरच्या फोनला वाइड लेन्स लावून बघतो आहोत. कडेची माणसं ताणलेली दिसतात, त्यामुळे त्या लेन्सने शूट केलेलं ऑफसाइडला वापरू नये. पुठ्ठ्याच्या बोगद्याला आतून काळा कागद चिकटवायचा राहिला आहे.